कामाच्या ठिकाणची झडती: बॅग, लॉकर, वाहन आणि कामगाराचा खासगीपणाचा हक्क
वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखाना, गोदाम, रुग्णालय, मोठे दुकान किंवा कार्यालय यांच्या गेटवर बॅग उघडून दाखवणे हा अनेकांच्या कामाच्या दिवसाचाच भाग झालेला असतो. रोजची गोष्ट असल्यामुळे तिच्यामागचा नियम कोणता, तो कोणी केला आणि त्याची मर्यादा कुठे संपते, याची चौकशी सहसा होत नाही. मग एके दिवशी सुरक्षारक्षक गाडीची डिकी उघडायला सांगतो, किंवा सगळ्यांसमोर खिसे रिकामे करायला लावतो, आणि तेव्हा मात्र कोणाला विचारावे हेही कळत नाही. पुढील उत्तरे त्या वेळेसाठी लिहिली आहेत. कायदा देशागणिक बदलतो, त्यामुळे जिथे विशिष्ट कायद्याचा किंवा निकालाचा उल्लेख आहे तिथे देशाचे नावही दिले आहे.

प्रश्न: कामगाराच्या बॅगेची झडती घेण्याचा अधिकार मालकाला मुळात असतो का?

मालकाला आपल्या मालाचे, यंत्रसामग्रीचे आणि गोपनीय माहितीचे रक्षण करण्याचा हक्क आहे, हे जवळपास प्रत्येक देशाचा कायदा मान्य करतो. परंतु कामगार गेटच्या आत आला म्हणून त्याची बॅग कंपनीच्या मालकीची होत नाही. त्यामुळे झडतीचा अधिकार कुठून तरी यावा लागतो: कायद्यातून, नोकरीच्या करारातून, कामगारांना आधी कळवलेल्या नियमातून, किंवा त्या क्षणी कामगाराने स्वतः दिलेल्या संमतीतून. यांपैकी काहीच नसेल, तर सुरक्षारक्षकाच्या अंगावर गणवेश आहे एवढ्यावर त्याला दुसऱ्याच्या सामानात हात घालता येत नाही.

भारतात १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याच्या अनुसूचीत, ठरावीक प्रवेशद्वारांतूनच ये-जा करणे आणि झडतीस पात्र असणे, हा स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या अटींच्या लेखी नियमांत, यावयाच्या बाबींपैकी एक मानला गेला, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेच्या अनुसूचीतही ही बाब कायम आहे. म्हणजे गेटवरच्या झडतीचे नियम व्यवस्थापनाने मनात धरून चालत नाही. ज्या आस्थापनांना हा कायदा लागू होतो, तिथे ते लिहावे लागतात आणि प्रमाणित करून घ्यावे लागतात. १९४६ च्या कायद्यात तर प्रमाणित आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वारावर किंवा त्याच्या जवळ फलकावर लावण्याचे बंधन होते. नियम वाचायला मिळाला पाहिजे ही अपेक्षा किती जुनी आहे, हे यावरून दिसते.

युरोपातील काही देशांत कायदा याहून काटेकोर आहे. इटलीच्या १९७० च्या कामगार कायद्याचे सहावे कलम झडतीवर बंदी घालूनच सुरू होते. कामाची साधने, कच्चा माल किंवा तयार माल यांच्या स्वरूपामुळे कंपनीच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी झडती अपरिहार्य असेल, तेवढ्यापुरताच तिथे अपवाद आहे. ती झडतीही कामाच्या जागेतून बाहेर पडताना, प्रतिष्ठा सांभाळून, आपोआप निवड करणाऱ्या पद्धतीने घ्यावी लागते आणि तिची रीत कामगार प्रतिनिधींशी बोलून ठरवावी लागते. माझ्या मते गेटवरच्या झडतीचा याहून समजूतदार आराखडा शोधूनही सापडणे कठीण आहे, कारण कोणाला थांबवायचे हा निर्णय त्यात पहारेकऱ्याच्या लहरीवर सोडलेला नाही.

प्रश्न: आमच्याकडे लेखी नियम नाही, पण झडती वर्षानुवर्षे चालत आली आहे. ती वैध ठरते का?

जुनी प्रथा असेल आणि कोणी हरकत घेतली नसेल, तर कामगारांना ती माहीत होती व मान्य होती, असा युक्तिवाद मालक करू शकतो, आणि वरवरच्या तपासणीपुरता तो टिकूही शकतो. पण प्रथेचा विस्तार आपोआप होत नाही. इतकी वर्षे फक्त बॅगेत डोकावून पाहिले जात होते, म्हणून उद्यापासून जॅकेट काढायला लावणे किंवा गाडीचे दार उघडायला लावणे त्याच प्रथेत बसत नाही. असा बदल होत असेल, तर तो लेखी मागावा आणि तो लागू होण्याआधी मागावा.

प्रश्न: नेमणूकपत्रावर मी सही केली आहे आणि त्यात झडतीचे कलम आहे. म्हणजे मी कायमची संमती दिली का?

तुम्ही एक अट मान्य केली आहे आणि तिचे महत्त्व कमी नाही. वाजवी कारणासाठी, वाजवी रीतीने झडती मागितली गेली आणि तुम्ही नकार दिला, तर ते अटीचे उल्लंघन ठरू शकते. तरीही त्या कलमाचे शब्द नीट वाचावेत, कारण 'सामानाची तपासणी' असे लिहिले असेल तर त्यात अंगझडती येत नाही, आणि 'आवारातील वाहने' असे लिहिले असेल तर बाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावर उभी केलेली गाडी येत नाही. शिवाय, कलमात काहीही लिहिलेले असले तरी, प्रत्यक्ष झडतीच्या वेळी स्पष्टपणे नाही म्हणणाऱ्या माणसाच्या अंगाला किंवा सामानाला बळाने हात लावण्याची मुभा त्यातून मिळत नाही. त्या नकाराचे परिणाम शिस्तीच्या कारवाईत ठरवायचे असतात.

नोकरी जाण्याच्या भीतीने दिलेली संमती कितपत खरी, हा प्रश्न न्यायालयांनाही पडलेला आहे. फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २००९ मध्ये असे ठरवले की, अपवादात्मक परिस्थिती वगळता, मालकाला कामगाराची बॅग त्याच्या संमतीनेच उघडता येते, आणि नकार देण्याचा व साक्षीदार मागण्याचा हक्क आपल्याला आहे हे त्याला आधी सांगितले गेले पाहिजे. ज्याला आपला हक्कच माहीत नाही त्याचे 'हो' पुरेसे नाही, हा त्यातला विचार मला फार मोलाचा वाटतो.

प्रश्न: मी नकार दिला तर सुरक्षारक्षक मला अडवून ठेवू शकतो का?

खासगी सुरक्षारक्षक म्हणजे पोलीस नव्हे, आणि केवळ झडतीला नकार दिला म्हणून कोणाला खोलीत बसवून ठेवणे हा त्याच्या अधिकाराचा भाग नाही. भारतात एखाद्या व्यक्तीला ठरावीक मर्यादेच्या बाहेर जाता येऊ नये अशा रीतीने अन्यायाने अडवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे. खासगी व्यक्तीला अटक करण्याची मुभा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे खरी, पण ती तिच्या समक्ष अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडल्यास, किंवा समोरची व्यक्ती घोषित गुन्हेगार असल्यास; आणि अशा व्यक्तीला विनाकारण विलंब न लावता, सहा तासांच्या आत, पोलिसांकडे सोपवावे लागते. नुसता संशय त्यात बसत नाही.

नकार म्हणजे चोरीची कबुलीही नव्हे. माणूस नकार अनेक कारणांनी देतो: बॅगेत औषधे असतात, न्यायालयाचे कागद असतात, दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीचे पत्र असते, किंवा ज्या स्वरात विचारले गेले तो स्वर त्याला सहन झालेला नसतो. व्यवस्थापन नकाराची नोंद करू शकते, खुलासा मागू शकते, नियमानुसार चौकशी करू शकते. पण चोरीचा आरोप सिद्ध करायला स्वतंत्र पुरावा लागतो. तुमच्या बाजूने उपयोगी पडेल असे एकच सुचवतो: सरसकट 'नाही' म्हणण्याऐवजी, 'अधिकारी आणि साक्षीदार समोर असतील तर मी दाखवतो' असे शांतपणे सांगावे. असे सशर्त सहकार्य पुढे चौकशीत नकार म्हणून रंगवणे अवघड जाते.

प्रश्न: अंगझडतीचे नियम वेगळे आहेत का?

होय, आणि ते वेगळे असलेच पाहिजेत. बॅगेत पाहणे आणि माणसाच्या शरीराला हात लावणे यांत कमी-अधिकपणाचा नव्हे, तर प्रकाराचाच फरक आहे. संमतीशिवाय केलेला स्पर्श बहुतेक कायदेव्यवस्थांत हल्ला किंवा बळाचा बेकायदा वापर ठरू शकतो. स्त्रीची झडती स्त्रीनेच आणि सभ्यतेची पूर्ण बूज राखून घ्यावी, असे भारतीय फौजदारी प्रक्रियेत पोलिसांनाही बंधन आहे. जिथे कायद्याने अधिकार दिलेल्या पोलिसांवर ही मर्यादा आहे, तिथे कंपनीच्या कर्मचाऱ्याला तिच्यातून सूट मिळण्याचे काहीच कारण नाही. ब्राझीलने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करून महिला कर्मचाऱ्यांची शरीर उघडे करणारी झडती पूर्णपणे निषिद्ध केली आणि उल्लंघन करणाऱ्या मालकास दंड ठेवला.

कपडे उतरवायला लावणे हे कोणत्याही मालमत्तेच्या रक्षणासाठी समर्थनीय आहे, असे मला वाटत नाही. वस्तू इतकी मौल्यवान असेल आणि संशय इतका गंभीर असेल, तर पोलिसांना बोलावणे हाच मार्ग आहे. धातूशोधक यंत्र, मालाच्या नोंदी, गेटपास आणि साठ्याची नियमित मोजणी यांनी जे साधते, त्यासाठी माणसाला विवस्त्र करण्याची वेळ येत नाही.

प्रश्न: लॉकर आणि टेबलाचा खण कंपनीचाच असतो. मग त्यात खासगीपणा कसला?

मालकी कंपनीची असली तरी वापर कोणाचा आणि कोणत्या समजुतीने, हे महत्त्वाचे ठरते. अमेरिकेतील टेक्सस राज्यात १९८४ मध्ये एका अपील न्यायालयाने असे म्हटले की, लॉकर कंपनीचे असले तरी कर्मचाऱ्याने कंपनीच्या माहितीने स्वतःचे कुलूप लावले असेल, तर त्याला त्या जागेत खासगीपणाची अपेक्षा ठेवता येते. कुलूप कंपनीचे असेल, किल्लीची दुसरी प्रत कार्यालयात असेल आणि लॉकर केव्हाही उघडले जाईल असे आधी सांगितलेले असेल, तर ती अपेक्षा बरीच कमी होते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९८७ मध्ये सरकारी रुग्णालयातील एका डॉक्टरांच्या खोलीची, टेबलाची आणि कपाटाची झडती घेतल्याचे प्रकरण आले होते. सरकारी मालकाची झडती वाजवी असली पाहिजे, ही कसोटी त्यातून आली. त्याच निकालातील मुख्य मताने एक नेमकी रेषाही आखली: कार्यालयातील खण हा कामाच्या जागेचा भाग असू शकतो, पण कर्मचाऱ्याने सोबत आणलेली बंद पिशवी, पर्स किंवा ब्रीफकेस केवळ कार्यालयात ठेवलेली आहे म्हणून कामाच्या जागेचा भाग होत नाही, आणि तिला तीच कसोटी लागेलच असे नाही. आपल्याच लॉकरमध्ये ठेवलेली स्वतःची बंद बॅग हाही असाच वेगळा प्रश्न आहे. लॉकर उघडण्याची परवानगी म्हणजे त्यातल्या बॅगेची चेन उघडण्याची परवानगी नव्हे.

स्पेनच्या कामगार कायद्याचे कलम १८ या बाबतीत अगदी व्यवहारी आहे. कामगाराची, त्याच्या लॉकरची आणि वैयक्तिक वस्तूंची झडती कंपनीच्या किंवा इतर कामगारांच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक असेल तेव्हाच, कामाच्या ठिकाणी आणि कामाच्या वेळेतच घ्यावी. प्रतिष्ठेचा आणि खासगीपणाचा पूर्ण मान राखावा. आणि शक्य असेल तिथे कामगारांचा प्रतिनिधी, तो नसल्यास दुसरा एखादा कामगार, हजर ठेवावा, असे ते सांगते.

प्रश्न: माझे स्वतःचे वाहन कंपनीच्या पार्किंगमध्ये उभे असते. ते तपासता येते का?

इथे दोन हक्क समोरासमोर येतात. जागा कंपनीची असल्यामुळे त्या जागेत वाहन आणण्याच्या अटी ती घालू शकते, आणि 'बाहेर पडताना डिकी दाखवावी लागेल' ही त्यांपैकी एक अट असू शकते. पण वाहन तुमचे आहे. ते तुमच्या गैरहजेरीत उघडणे, दुसऱ्या किल्लीने कुलूप काढणे, काच सरकवून आत हात घालणे, ड्रायव्हरच्या शेजारच्या खणातले कागद वाचणे, या गोष्टी पार्किंगच्या अटीत बसत नाहीत. बाहेरून काचेतून जे दिसते ते पाहणे आणि दार उघडून आत शोधणे यांत मोठे अंतर आहे, आणि नियम लिहिताना ते अंतर पाळले जावे.

वाहनाच्या बाबतीत मालकाचे उत्तर सहसा असे असते की, ज्याला दाखवायचे नाही त्याने गाडी बाहेर लावावी. ज्या ठिकाणी बाहेर जागा आहे आणि सार्वजनिक वाहतूकही आहे, तिथे हे उत्तर प्रामाणिक असू शकते. पण कामाची जागा दूर असेल आणि स्वतःच्या वाहनाशिवाय तिथे पोहोचताच येत नसेल, तर हा पर्याय नावापुरताच उरतो, आणि अशा ठिकाणी तपासणी जितकी आवश्यक तितकीच ठेवण्याची मालकाची जबाबदारी वाढते. काही कायदेमंडळांनी वाहनाला स्वतंत्र संरक्षणही दिले आहे: अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या २००८ च्या कायद्याने, पार्किंगमधील खासगी वाहनात बंदूक आहे का हे पाहण्यासाठी वाहनाची झडती घेण्यास मालकाला मनाई केली. त्या कायद्याचा विषय शस्त्रांचा आहे, पण कंपनीच्या जागेत उभे असलेले वाहनही खासगी राहते, हे तत्त्व त्यात स्पष्ट दिसते.

प्रश्न: आणि कंपनीने दिलेले वाहन?

कंपनीच्या वाहनाची तपासणी कंपनी करू शकते. त्यात ठेवलेली तुमची वैयक्तिक बंद बॅग मात्र तुमचीच राहते. वाहन परत करताना किंवा दुसऱ्याकडे सोपवताना आपल्या वस्तू काढून घेण्याची संधी मिळाली पाहिजे.

प्रश्न: झडतीच्या वेळी मोबाइल उघडून दाखवायला सांगितले तर?

बॅगेच्या तपासणीचा नियम मोबाइलमधील मजकुराला लागू होत नाही. मोबाइल दाखवणे आणि त्याचे कुलूप काढून संदेश, छायाचित्रे दाखवणे या निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अटक केलेल्या व्यक्तीचा मोबाइल पाहण्यासाठीही पोलिसांना साधारणतः वॉरंट लागते असे ठरवले, कारण खिशातल्या इतर वस्तूंशी त्यातल्या माहितीची तुलनाच होत नाही. छायाचित्रणास बंदी असलेल्या ठिकाणी मोबाइल गेटवर जमा करायला लावणे किंवा कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावणे हा त्याहून कितीतरी सौम्य आणि परिणामकारक उपाय आहे.

प्रश्न: झडतीच्या रांगेत रोज वेळ जातो. त्या वेळेचे वेतन मिळते का?

याचे उत्तर देशावर आणि कधी कधी राज्यावर अवलंबून आहे, आणि हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, गोदामातील कामगारांनी पाळी संपल्यावर सुरक्षा तपासणीसाठी घालवलेल्या, त्यांच्या म्हणण्यानुसार सुमारे २५ मिनिटांच्या वेळेचे वेतन संघराज्याच्या कायद्याखाली देणे लागत नाही, असे एकमताने ठरवले. परंतु कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये राज्याच्या कायद्याखाली उलट निकाल दिला. कर्मचारी मालकाच्या नियंत्रणाखाली थांबलेले असतात, त्यांना निघून जाता येत नाही, म्हणून बॅगतपासणीची वेळ कामाचीच वेळ आहे, असे त्या न्यायालयाने म्हटले. त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये, सौर प्रकल्पाच्या गेटवर स्वतःच्या वाहनात बसून तपासणीची वाट पाहणाऱ्या कामगारांच्या बाबतीतही अशीच भूमिका घेतली.

ब्रिटनमध्ये २०१६ साली एका मोठ्या गोदामातील रोजच्या झडतीचा विषय संसदेच्या समितीपुढे आला आणि रांगेत जाणाऱ्या वेळेमुळे कामगारांना प्रत्यक्षात किमान वेतनाहून कमी मिळत होते, हे कंपनीच्या मालकाने मान्य केले. झडती मालकाच्या हितासाठी घेतली जाते, तर तिचा खर्चही मालकानेच उचलावा, हे मला उघड न्यायाचे वाटते. त्यात एक व्यवहारी लाभही आहे: वेळेचे पैसे द्यावे लागले की रांगा लहान करण्याचे मार्ग व्यवस्थापनाला लवकर सापडतात.

प्रश्न: झडती फक्त कंत्राटी कामगारांची होते, अधिकारी तसेच निघून जातात. यावर हरकत घेता येते का?

घ्यावीच. चोरी पदाप्रमाणे ठरत नाही, आणि नोंदींत फेरफार करून माल बाहेर काढण्याची संधी तर वरच्या पदांवर अधिक असते. ठरावीक गटाचीच झडती होत असेल, तर त्यामागे मालाशी थेट संबंध असण्यासारखे पटणारे कारण मालकाने सांगितले पाहिजे. धर्म, जात, लिंग, वंश किंवा संघटनेचे सभासदत्व पाहून माणसे निवडली जात असतील, तर तो भेदभाव आहे आणि अनेक देशांत तो स्वतंत्र तक्रारीचा विषय होतो. प्रत्येक दहाव्या माणसाची तपासणी, किंवा बटण दाबल्यावर लागणाऱ्या दिव्यावरून निवड, अशा साध्या पद्धतींनी हा संशय मुळातच टळतो.

प्रश्न: घरकाम करणाऱ्या व्यक्तीची पिशवी तपासणे योग्य आहे का?

घरमालक हाही मालकच आहे, आणि वर सांगितलेले संमतीचे व प्रतिष्ठेचे नियम त्याला लागू पडतात. उलट इथे साक्षीदार, संघटना किंवा लेखी नियम यांपैकी काहीच नसल्यामुळे ते अधिक जपून पाळायला हवेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या करार क्रमांक १८९ मध्ये, मालकाच्या घरी राहणाऱ्या घरकामगारांना त्यांच्या खासगीपणाचा मान राखणारी राहणी मिळावी, आणि त्यांची ओळखपत्रे व प्रवासाची कागदपत्रे त्यांच्याच ताब्यात राहावीत, असे म्हटले आहे. वस्तू सापडत नाही म्हणून घरकामगाराच्या पिशवीतले सामान जमिनीवर ओतणे हा त्या माणसाच्या प्रामाणिकपणावर सर्वांसमक्ष केलेला आरोप असतो, आणि वस्तू नंतर कपाटात सापडली तरी तो पुसला जात नाही.

प्रश्न: झडतीत चोरीचे काही सापडले नाही, पण माझी औषधे आणि संघटनेचे कागद पाहिले गेले. त्या माहितीचे काय?

ज्या कारणासाठी झडती घेतली, त्याच्याशी संबंध नसलेली माहिती तिथेच थांबली पाहिजे. ती नोंदवहीत लिहू नये, वरिष्ठांना कळवू नये, सहकाऱ्यांत बोलू नये. तपासणाऱ्याला कंपनीचा माल शोधायचा होता. तुमचा आजार, श्रद्धा किंवा राजकीय मत हा त्याच्या शोधाचा विषय नव्हता. इटलीच्या त्याच कायद्याचे आठवे कलम तर कामगाराच्या राजकीय, धार्मिक किंवा संघटनाविषयक मतांची चौकशी करण्यासच मालकाला मनाई करते. अशा माहितीचा पुढे पदोन्नतीत किंवा बदलीत वापर झाल्याची शंका आली, तर झडतीची तारीख आणि त्यानंतरच्या घटनांचा क्रम तुमच्याजवळ लिहिलेला असणे फार उपयोगी पडते.

प्रश्न: झडती अपमानास्पद झाली. मी काय करावे?

त्याच दिवशी लिहून काढावे. वेळ, जागा, कोण हजर होते, नेमके कोणते शब्द वापरले गेले, काय उघडायला लावले, कोणी स्पर्श केला का, किती वेळ थांबवले, आणि काही काढून घेतले असल्यास त्याची पावती दिली का, हे सगळे त्यात यावे. गेटवर कॅमेरा असेल, तर त्या वेळेचे चित्रण जपून ठेवावे अशी लेखी विनंती लगेच करावी, कारण अशी चित्रणे काही दिवसांनी आपोआप पुसली जातात. त्यानंतर लागू असलेल्या नियमाची प्रत मागावी. नियमाची प्रत मागणे हा उद्धटपणा नाही, आणि ती देता आली नाही तर तेही तुमच्या तक्रारीत नोंदवण्याजोगे आहे.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण यंत्रणेकडे किंवा संघटनेकडे करता येते, आणि तिथे दाद लागली नाही तर कामगार विभागाकडे. स्पर्शात लैंगिक स्वरूपाचे वर्तन असेल, तर भारतात कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली नेमलेल्या अंतर्गत समितीकडे महिलेला, सर्वसाधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी तक्रार करता येते, आणि पोलिसांकडे जाण्याचा मार्ग त्याने बंद होत नाही. वाहनाचे किंवा सामानाचे नुकसान झाले असेल, तर गेट सोडण्याआधीच छायाचित्रे काढावीत; मात्र आवारात छायाचित्रणास बंदी असेल, तर पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला नुकसान दाखवून त्याच्या नोंदवहीत नोंद करायला लावावी आणि त्या नोंदीची प्रत, निदान तिचा क्रमांक, सोबत घेऊनच बाहेर पडावे.